‘इलिसिट’ : एका शब्दाचा अर्थ आणि त्याचा योग्य उपयोग

गेल्या सहामाही परीक्षेंत दहावीच्या एका विद्यार्थ्यानें इंग्रजी निबंधांत आपल्या शिक्षकांची स्तुति करतांना असें लिहिलें होतें कीं, ते प्रश्न विचारून मुलांकडून उत्तरें ‘इलिसिट’ करतात. वाक्य चांगलें होतें. परंतु त्या शब्दाचें स्पेलिंग ‘ई’पासून न करतां त्यानें ‘आय’पासून केलें होतें, व पुढें एका ‘एल’च्या जागीं दोन ‘एल’ घातले होते. त्यामुळें कागदावर जो शब्द उमटला त्याचा अर्थ ‘बेकायदेशीर’ असा होतो. चोरटी दारू आणि लपवून आणलेलें सोनें यांना जें विशेषण लागावयाचें, तें बिचाऱ्या शिक्षकांच्या प्रश्नोत्तरांना लागलें. मला हंसूं आलें. तांबड्या शाईची रेघ ओढून मी पुढच्या पेपराकडे वळलों.

परंतु त्या रात्रीं मनांत आलें कीं, मुलानें चुकून लिहिलेलें वाक्य अगदींच खोटें नाहीं. दुसऱ्याकडून उत्तर काढून घेण्याची एक रीत सरळ आहे आणि एक रीत खरोखरच अवैध आहे. पहिली कोठें संपते व दुसरी कोठें सुरू होते, हें पुष्कळ शिकल्यासवरल्या माणसांनाहि कळत नाहीं. एके काळीं मलाहि कळलें नव्हतें. म्हणून या शब्दाचा अर्थ, त्याचें कूळ आणि त्याचा उपयोग यांविषयीं आमच्या विद्यार्थ्यांपुढें चार गोष्टी मांडाव्या असें ठरविलें.

प्रथम व्युत्पत्ति पाहूं. या दोन शब्दांचे उच्चार जवळजवळ सारखे असले तरी त्यांचीं कुळें निराळीं आहेत. ‘आय’नें आरंभ होणारा शब्द लॅटिन भाषेंतील ‘लिकेरे’, म्हणजे परवानगी असणें, या धातूपासून निघाला आहे. आपण रोज ज्याला ‘लायसन्स’ म्हणतों तो शब्दहि त्याच घराण्यांतला. त्याला नकाराचा उपसर्ग लागला कीं ‘ज्याला परवानगी नाहीं तें’ असा अर्थ होतो. ‘ई’नें आरंभ होणारा आपला शब्द मात्र ‘लाकेरे’ या धातूपासून आला आहे. त्याचा अर्थ भुलविणें, गोडी लावून ओढणें असा आहे. त्याच्यामागें ‘बाहेर’ या अर्थाचा उपसर्ग लागून ‘एलिकेरे’ हें क्रियापद झालें. म्हणजे आंत दडलेलें कांहीं तरी गोडीगुलाबीनें बाहेर येईल असें करणें. आनंदवाचक ‘डिलाइट’ आणि रुचकर या अर्थाचा ‘डिलिशस’ हे शब्द याच धातूचे वंशज होत. विद्यार्थ्यांनीं हें नातें लक्षांत ठेविलें तर स्पेलिंगहि चुकणार नाहीं आणि अर्थहि चुकणार नाहीं.

या क्रियापदाचा एक जुना मान सांगण्यासारखा आहे. रोम शहराच्या सात टेकड्यांपैकीं ॲव्हेंटाइन नांवाच्या टेकडीवर ‘जुपिटर एलिकियस’ या देवाची वेदी होती. लिव्ही हा इतिहासकार सांगतो कीं, रोमचा दुसरा राजा नूमा यानें ती स्थापिली. आकाशांत विजा चमकल्या, उत्पात झाले, तर त्यांतील कोणते गंभीरपणें घ्यावयाचे हें देवांच्या मनांतून जाणून घेण्याकरितां ती वेदी होती, आणि हें सांगतांना लिव्हीनें हेंच क्रियापद योजिलें आहे. त्या लोकांची समजूत कशीहि असो, शब्दाची योजना अचूक आहे. देवाला कोणी दरडावून विचारीत नाहीं. ज्याच्या मनांतलें आपणांस हवें, त्याच्यापुढें नम्र होऊनच तें मिळवावें लागतें, हा भाव या शब्दाच्या पोटांत प्रथमपासून आहे.

आतां वाक्यरचनेकडे वळूं. इंग्रजींत हा शब्द सतराव्या शतकाच्या मध्यास रूढ झाला. त्याच्या उपयोगाचे तीन नियम पाठ करून ठेवावे. पहिला नियम असा कीं, या क्रियापदाचें कर्म मनुष्य नव्हे. मनुष्याकडून जें मिळतें तें त्याचें कर्म होय. उत्तर, माहिती, सहानुभूति, हंसूं, टाळ्या हीं याचीं कर्में. आणि ज्याच्याकडून तीं मिळावयाचीं त्याच्या नांवाआधीं ‘फ्रॉम’ हें अव्यय येतें. ‘शिक्षकांनीं मुलाला इलिसिट केलें’ ही रचना अशुद्ध आहे. ‘शिक्षकांनीं मुलाकडून उत्तर इलिसिट केलें’ ही शुद्ध आहे. दुसरा नियम असा कीं, याचा कर्ता मनुष्यच पाहिजे असें नाहीं. एखादा विनोद हंसूं काढतो, एखादें पत्र उत्तर आणतें, एखाद्या अनाथ मुलाची हकीकत श्रोत्यांकडून मदत मिळविते. या सर्व ठिकाणीं हा शब्द शोभतो. तिसरा नियम असा कीं, या शब्दांत यश गृहीत धरलेलें असतें. ‘मीं पुष्कळ इलिसिट केलें, पण तो कांहींच बोलला नाहीं’ हें वाक्य ‘मीं पुष्कळ पकडलें, पण हातांत कांहीं आलें नाहीं’ असें म्हणण्यासारखें आहे. कांहीं बाहेर आलें तरच हा शब्द वापरावा. केवळ मागणी केली असेल तर त्याला ‘सॉलिसिट’ हा निराळा शब्द आहे. एखाद्या संस्थेनें वर्गणी ‘सॉलिसिट’ केली, परंतु एक रुपयाहि ‘इलिसिट’ झाला नाहीं, असें होऊं शकतें. आणि वर्गणीचें पुस्तक घेऊन फिरलेल्या माणसाला हा भेद फार चांगला कळतो.

शब्दाचा खरा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवरून कळतो. ‘एक्स्ट्रॅक्ट’ म्हणजे ओढून काढणें; दांताचा वैद्य दांत काढतो तो असा. येथें ज्याचें काढावयाचें त्याच्या खुषीचा प्रश्न गौण आहे. ‘एक्स्टॉर्ट’ म्हणजे पिळून काढणें, उकळणें. याच्या मुळाशीं पिळण्याचा धातु आहे आणि ‘टॉर्चर’ हा छळाचा शब्द त्याचाच सख्खा भाऊ आहे. ‘इव्होक’ म्हणजे हांक मारून जागें करणें. पहिल्या पावसाचा मातीचा वास बाळपणाची आठवण जागी करतो, तेथें हा शब्द. ‘प्रोव्होक’ म्हणजे चिथावणें, डिवचणें. या सर्वांच्या मध्यभागीं आपला शब्द उभा आहे. तो ओढीत नाहीं, पिळीत नाहीं व डिवचीतहि नाहीं. येण्यासारखें जें असेल त्याला वाट करून देतो.

येथें एक प्रचलित समज दुरुस्त करून ठेवतों. ‘एज्युकेशन’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘मुलाच्या अंतरांत असलेलें बाहेर काढणें’ असा आहे, असें व्याख्यानांतून पुष्कळदां सांगण्यांत येतें. वस्तुतः तो शब्द ‘एदुकारे’, म्हणजे पालनपोषण करणें, वाढविणें, या धातूपासून आला आहे. बाहेर नेणें या अर्थाचा ‘एदुकेरे’ हा धातु त्याचा नातलग आहे, जनक नव्हे. मला वाटतें, यांत शिक्षकाची मानहानि नाहीं. रोपाला पाणी घालावें लागतें आणि मग त्याच्या फुलाची वाटहि पाहावी लागते. पाणी न घालतां फूल मागणारा माळी कोणाच्या कामाचा?

आतां आपल्या मराठींत या शब्दाला काय म्हणावें? एकच प्रतिशब्द मागणाऱ्याची निराशा होईल, कारण मराठीनें हें काम निराळ्या तऱ्हेनें केलें आहे. आपल्याकडे क्रियापदाला ‘व’ लावला कीं प्रयोजक रूप होतें : हंसणें, हंसविणें, रडणें, रडविणें, वदणें, वदविणें. जेथें इंग्रजाला ‘हंसूं इलिसिट करणें’ असे दोन शब्द लागतात तेथें आमचें ‘हंसविणें’ एकट्यानें भागतें. ज्ञानेश्वरांनीं रेड्याच्या मुखानें वेद वदविले ही कथा ज्यानें ऐकली आहे त्याला या रूपाचें सामर्थ्य सांगावयास नको. परंतु प्रयोजक रूपाला गोडी व जबरदस्ती यांतला भेद ठाऊक नाहीं. तो भेद आपण सहाय्यक शब्दांनीं दाखवितों. ‘बोलायला लावणें’ आणि ‘बोलतें करणें’ हीं दोन रूपें शेजारीं ठेवून पाहा. पहिल्यांत हातांत छडी दिसते. दुसऱ्यांत कोणी तरी जवळ बसून, पाठीवर हात ठेवून विचारीत आहे असें वाटतें. शिवाय ‘कबूल करवून घेणें’, ‘खोदून खोदून विचारणें’, ‘खडा टाकून पाहणें’, ‘पोटांतलें ओठावर आणणें’ अशी ही मोठी पंगत आहे. माझ्या मतें आपल्या इंग्रजी शब्दाला सर्वांत जवळचा मराठी प्रयोग ‘बोलतें करणें’ हा होय. वस्तूविषयीं बोलावयाचें असेल तर ‘काढून घेणें’ हा चालेल, पण तो जपून वापरावा.

आपल्या समाजांत या कलेचें एक खेळीमेळीचें उदाहरणहि आहे. नवी नवरी उंबरठ्याशीं येते, नणंदा दार अडवितात आणि नांव घेतल्यावांचून आंत सोडीत नाहींत. पतीचें नांव एरवीं ओठावर आणावयाचें नाहीं अशी रीत असतांना तें या एका प्रसंगीं तिच्या तोंडून काढून घ्यावयाचें, आणि तिनेंहि तें सरळ न सांगतां उखाण्यांत गुंफून द्यावयाचें! अडविणाऱ्या जाणतात कीं उत्तर तिच्यापाशीं आहे; तीहि जाणते कीं अडविणें प्रेमाचें आहे. म्हणून कोणी दुखावत नाहीं.

माझ्या मनांत मात्र या शब्दाबरोबर विहिरीचें चित्र उभें राहतें. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायांत मनुष्याच्या मनांतील मसलतीला खोल पाण्याची उपमा दिलेली आहे, आणि तें पाणी वर काढणें हें समजूतदार माणसाचें काम म्हटलें आहे. ज्यांच्या घरीं नळ आहे त्या मुलांना पाणी शेंदण्याची क्रिया आतां ठाऊक नसेल. पोहरा पाणी निर्माण करीत नाहीं. पाणी आधींच खालीं असतें. दोर तोकडा असेल तर पोहरा कोरडा परत येतो. आणि पोहरा दाणकन् आपटला तर तळचा गाळ ढवळून वर येतो. मग जें हातीं लागतें त्याला पाणी म्हणावें कीं चिखल, हा प्रश्न पडतो.

प्रश्नांनीं उत्तर शेंदण्याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याच्या ‘मेनो’ नांवाच्या संवादांत आहे. भूमिति न शिकलेल्या एका दास मुलाला सॉक्रेटीस दोन फूट बाजूचा चौरस काढून दाखवितो. त्याचें क्षेत्रफळ चार. याच्या दुप्पट, म्हणजे आठ क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू किती? मुलगा म्हणतो, बाजूहि दुप्पट, चार. सॉक्रेटीस त्याला चूक म्हणत नाहीं. चौरस काढून मोजावयास लावतो. क्षेत्रफळ सोळा येतें. मग मुलगा तीन म्हणतो. तें नऊ येतें. आतां मुलगा अडतो व मला माहीत नाहीं असें कबूल करतो. येथें सॉक्रेटीसाला आनंद होतो. कारण आपल्याला ठाऊक नाहीं हें ज्याला समजलें तोच शोध करूं लागतो. शेवटीं मूळ चौरसाच्या कर्णावर उभारलेला चौरस दुप्पट असतो, हें मुलगा स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतो. परंतु पुष्कळ टीकाकारांनीं एक शंका काढली आहे. सॉक्रेटीसाचे कित्येक प्रश्न असे आहेत कीं त्यांना ‘होय’ म्हणण्यापलीकडे मुलाला दुसरें कांहीं करावयाचेंच उरत नाहीं. कर्णाची रेघहि सॉक्रेटीसच दाखवितो. मग तें उत्तर मुलाच्या मनांतून आलें कीं विचारणाराच्या?

ही शंका किती खरी आहे हें एका घोड्यानें सिद्ध केलें. बर्लिन शहरांत व्हिल्हेल्म फॉन ऑस्टेन नांवाच्या गणिताच्या जुन्या शिक्षकापाशीं हान्स नांवाचा घोडा होता. बेरीज, वजाबाकी, दिनांक, जें विचारावें त्याचें उत्तर तो टाप आपटून बरोबर देई. 1904 सालीं त्याची तपासणी करण्याकरितां जाणत्या लोकांचें मंडळ बसलें. त्यांना लबाडी कोठें आढळली नाहीं. पुढें ऑस्कर फुंग्स्ट यानें बारकाईनें प्रयोग केले व 1907 सालीं ते प्रसिद्ध केले. विचारणाराला स्वतःला उत्तर ठाऊक नसलें, अथवा घोड्याला विचारणारा दिसेनासा केला, तर घोडा चुकत असे. टापांची संख्या बरोबर उत्तरापाशीं आली कीं विचारणाराचें डोकें नकळत किंचित् हाले. घोडा तेवढें पाहून थांबे. मालक प्रामाणिक होता. आपण प्रश्न विचारतों आणि घोडा उत्तर देतो, असेंच त्याला अखेरपर्यंत वाटत होतें. आम्हां शिक्षकांनीं ही गोष्ट वर्षारंभीं एकदां तरी आठवावी. वर्गांतील किती मुलें फळ्याकडे पाहून उत्तर देतात आणि किती आमच्या भिवयांकडे पाहून देतात, कोण सांगेल?

आतां मला माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका गांवीं शिकवीत असतां, एके सोमवारीं भूगोलाच्या तासाला पृथ्वीचा गोल फुटलेला आढळला. शनिवारीं शेवटच्या तासानंतर सातवींतला एक अबोल मुलगा त्या कपाटापाशीं रेंगाळतांना मीं पाहिला होता. मीं त्याला एकट्याला बोलाविलें. आवाज चढविला नाहीं, छडीला हात लावला नाहीं. मीं विचारलें, “तूं शनिवारीं गोल हातांत घेतला होतास ना?” तो कांहीं वेळ उगा राहिला, मग म्हणाला, “हो.” “हातांतून निसटला असेल, नाहीं का?” “हो.” “आणि भीतीनें सांगितलें नाहींस?” “हो, सर.” मीं त्याची पाठ थोपटली, खरें बोलल्याबद्दल त्याची वाखाणणी केली, आणि नुकसानीचा कांहीं भाग भरून देण्यास सांगितलें. मुलाचें मन न दुखवितां सत्य काढून घेतलें, याचा मला अभिमान वाटला. आठवड्यानें त्यानें सुटीं नाणीं रुमालांत बांधून आणून दिलीं.

पुढें रजेवर गेलेला शिपाई परत आला. तो स्वतःच मजपाशीं येऊन म्हणाला कीं, शनिवारीं संध्याकाळीं कपाटावरची धूळ झाडतांना गोल त्याच्या धक्क्यानें पडला. सोमवारीं सांगावें असें मनांत होतें, पण त्याच रात्रीं गांवाहून निरोप आला आणि त्याला जावें लागलें. मीं त्या मुलाला पुन्हा बोलाविलें आणि विचारलें, “अरे, तूं फोडला नव्हतास, तर हो कां म्हणालास?” त्यानें खालीं पाहूनच उत्तर दिलें, “सर, तुम्हांला तेंच उत्तर हवें होतें.” मीं त्याचे पैसे परत केले आणि सर्व वर्गासमक्ष त्याची क्षमा मागितली. परंतु तें वाक्य कांहीं परत करतां आलें नाहीं. त्या दिवशीं मला समजलें कीं मीं ‘ई’नें आरंभ होणारें काम करीत आहें असें समजून ‘आय’नें आरंभ होणारें काम केलें होतें. माझ्या तिन्ही प्रश्नांत उत्तर मीच भरून ठेविलें होतें. मुलानें फक्त माझा पोहरा मला परत दिला.

कायद्याला ही गोष्ट फार पूर्वींच कळली होती. ज्या प्रश्नांतच अपेक्षित उत्तर सुचविलेलें असतें त्याला न्यायालयांत सूचक प्रश्न म्हणतात. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्यानें असा निर्बंध घातला कीं, आपल्या बाजूच्या साक्षीदाराची सरतपासणी करतांना, दुसऱ्या पक्षानें हरकत घेतल्यास, न्यायालयाच्या परवानगीवांचून सूचक प्रश्न विचारूं नयेत. उलटतपासणींत ते विचारण्यास मोकळीक आहे. त्याचप्रमाणें, अधिकारपदावरील माणसानें धाक घालून, लालूच दाखवून किंवा वचन देऊन आरोपीकडून मिळविलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध ग्राह्य धरीत नाहींत. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 हा आला आहे. पण हीं दोन्ही तत्त्वें त्यांतहि कायम आहेत. लालूच हा शब्द लक्षांत घ्यावा. मीं धाक घातला नव्हता. पण मुलाला माझी शाबासकी हवी होती, आणि शिक्षकाची शाबासकी ही कांहीं लहान लालूच नव्हे.

प्रश्नांतील एक शब्दसुद्धां उत्तर वांकवूं शकतो, हें शास्त्रीय प्रयोगानेंहि दिसून आलें आहे. एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर या अमेरिकन संशोधकांनीं 1974 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीचीं चलच्चित्रें दाखवून वेग विचारला. ‘गाड्या एकमेकींवर धडाडून आदळल्या तेव्हां’ अशा अर्थाचा शब्द घातला, तर सरासरी उत्तर ताशीं 40.8 मैल आलें. ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हां’ असा सौम्य शब्द घातला, तर 31.8 मैल. दुसऱ्या प्रयोगांत एका आठवड्यानंतर, फुटलेली कांच दिसली काय, असें विचारलें. चित्रांत कांच फुटलेलीच नव्हती. तरीहि ज्यांना पूर्वीं ‘आदळल्या’ असा प्रश्न केला होता अशा 50 पैकीं 16 जणांनीं कांच दिसली म्हणून सांगितलें. ‘धडकल्या’ असा साधा शब्द ऐकलेल्या 50 पैकीं असें सांगणारे सातच निघाले. म्हणजे वाईट प्रश्न केवळ खोटें उत्तर आणतो इतकेंच नव्हे, तर उत्तर देणाराच्या आठवणींतहि गाळ मिसळतो. तो खोटें बोलत नसतो. त्याला तसेंच आठवूं लागतें.

मग चांगली रीत कोणती? ती मला एका डॉक्टरांच्या दवाखान्यांत पाहावयास मिळाली. गुडघ्याच्या वाटीखालील शिरेवर लहानशी हातोडी हलकेच मारली कीं पाय आपोआप उडतो. 1875 सालीं एर्ब व वेस्टफाल या दोन जर्मन वैद्यांनीं या क्रियेचें वर्णन प्रथम प्रसिद्ध केलें. डॉक्टर लोक या क्रियेलाहि ‘इलिसिट’ हाच शब्द योजितात. परंतु रोगी घाबरून पाय ताठ धरून बसला तर हातोडी कितीहि मारली तरी पाय उडत नाहीं. अशा वेळीं डॉक्टर जोरानें मारीत नाहींत. दोन्ही हातांचीं बोटें एकमेकांत अडकवून बाहेर ओढा, असें ते रोग्याला सांगतात. त्याचें लक्ष पायावरून हातांकडे जातें, आणि पूर्वीं न उडणारा पाय सहज उडतो. ही युक्ति येंद्रासिक नांवाच्या हंगेरियन वैद्याची म्हणून प्रसिद्ध आहे. ताठरलेल्या मनाचेंहि असेंच आहे. तेथें जोर वाढवून उपयोग नाहीं. मोकळेपणा वाढविला पाहिजे.

दुसरी गोष्ट थांबण्याची. मेरी बड रो या अमेरिकन विदुषीनें वर्गांतील प्रश्नोत्तरांचें पुष्कळ निरीक्षण करून असें दाखविलें कीं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरीनें एक सेकंदच थांबतात. लगेच दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतः उत्तर सांगून मोकळे होतात. तोच अवकाश तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून अधिक वाढविला, तर मुलांचीं उत्तरें लांब होतात, निरुत्तर राहणारे कमी होतात, आणि एरवीं गप्प बसणारीं मुलेंहि बोलूं लागतात. तीन सेकंद म्हणजे किती थोडे! पण खोल विहिरींत दोर सोडतांना हात किती वेळ स्थिर ठेवावा लागतो, हें शेंदणाऱ्यालाच ठाऊक.

विद्यार्थिमित्रहो, हा शब्द केवळ शिक्षकांच्या उपयोगाचा आहे असें समजूं नका. तुम्हीहि घरीं आजीला जुन्या दिवसांविषयीं विचाराल, रुसलेल्या धाकट्या भावाला काय झालें म्हणून विचाराल, पुढें कोणी वकील, कोणी डॉक्टर, कोणी पत्रकार होऊन अनोळखी माणसांना त्यांच्या दुःखाविषयीं विचाराल. त्या वेळीं प्रश्न असा करा कीं त्याचें उत्तर तुम्हांला आधीं ठाऊक नसेल. ‘तूं फोडलास ना?’ असें न म्हणतां ‘काय झालें?’ असें विचारा. आणि विचारल्यावर थांबा. जें उत्तर येईल तें तुमच्या मनासारखें नसलें तरी त्याला बसावयास जागा द्या.

राहतां राहिला तो निबंधाचा पेपर. ज्या मुलानें तें स्पेलिंग चुकविलें त्याचा अर्धा गुण मीं कापला आहे, आणि नियमाप्रमाणें तो कापावाच लागला. परंतु पेपर परत देतांना मीं त्याला चूक कोणती तें सांगितलें नाहीं. मीं विचारलें, “या शब्दाविषयीं तुला काय वाटतें?” आणि तीन सेकंदांहून पुष्कळ अधिक वेळ मी थांबलों. तो कागदाकडे पाहत राहिला, त्याचे ओठ हालले, आणि मग एकाएकीं तो हंसूं लागला. त्याचें त्यालाच उत्तर सांपडलें होतें.